करमंना

आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून चिंचेची तीन झाडं आहेत. फेब्रुवारी लागला की झाडांचा मक्ता घेतलेल्या गुत्तेदाराची माणसं येतात, फांद्यांवर चढतात आणि लांब काठ्यांनी चिंचा झोडायला लागतात. खाली बायका चवाळी अंथरून बसलेल्या. वर सपासप आणि खाली टपटप. माझ्या तिसरीच्या वर्गातलं एकही डोकं त्या तासाला फळ्याकडं नसतं. मी सरळ खडू ठेवून देते. सत्तावीस वर्षं नोकरी झाल्यावर एवढं कळायला लागतं की चिंचेच्या झाडाशी शिक्षकानं स्पर्धा करू नये.

येरमाळ्यात ह्या दिवसांना एक ठरलेला वास असतो. ज्वारी काढून रानात आडवी पडलेली असते, तिच्या ताटांचा गोडसर वास. चिंचेचा आंबट वास. दुपारच्या वाऱ्याबरोबर आंब्याच्या मोहराचा, जो येतो न येतो तोच जातो. आणि सकाळी नवाच्या सुमाराला बसथांब्यावर बारावीची पोरं. केंद्र कळंबला, म्हणून सगळी लवकर येऊन थांबलेली. हातात प्लास्टिकचं पारदर्शक पाकीट, त्यात हॉलतिकीट आणि दोन पेनं. पोरींच्या कपाळाला देवीचं कुंकू. सोडायला आलेल्या आया तेच तेच सांगत असतात, "घाई करू नगंस, समदं लिही."

हा मोसम मला फार आवडायचा. परीक्षा म्हणजे आम्हा मास्तर लोकांची जत्राच. आता आवडत नाही. खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटते. थांब्यावरून जाताना मी पोरींच्या घोळक्याकडं बघते आणि कोण बाजूला एकटी बसली आहे ते शोधते. एखादी तशी दिसली की माझी पावलं आपोआप हळू होतात. मग ती उठून मैत्रिणीला टाळी देते, खिदळते, आणि मी उगाच पिशवी सावरून पुढं जाते.

दोन वर्षांपूर्वी माझी भाची अंकिता माझ्याकडं होती. धाकट्या भावाची, दत्ताची, थोरली लेक. आमचं माहेर ईटचं. दहावीला तिला चांगले मार्क पडले, तेव्हा दत्ता तिची पेटी घेऊन माझ्याकडं आला. "आक्का, हिला तुमच्या हाताखाली ठेवा. दोन वर्षांत मार्गी लागंल." आमच्या ह्यांची तेव्हा लातूरला बदली झालेली, मला मूलबाळ नाही, घर नुसतं रिकाम्या गोठ्यासारखं. मी आनंदानं हो म्हटलं. शिवाय मनात थोडी घमेंडही होती. पोराच्या तोंडाकडं बघून त्यानं डबा खाल्लाय की नाही हे सांगणारी बाई मी. पालक सभेत मी इतर आयांना सांगायचे, लेकरांकडं लक्ष द्या, लेकरं बोलत नाहीत, ओळखावं लागतं. माझ्या ह्या भाषणाला टाळ्या पडायच्या.

अकरावीचं वर्ष छान गेलं. पोरगी बोलकी. भाकरी थापताना माझ्याशी गप्पा, कॉलेजातल्या सरांच्या नकला. एका सरांना बोलताना दर वाक्याला "काय म्हणतो मी" म्हणायची सवय होती, तर ती मला "आत्या, काय म्हणती मी, भाजीत मीठ न्हाय" असं म्हणायची. बारावीच्या दिवाळीनंतर मात्र ती एक दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "आत्या, मला करमंना."

करमणे हे आपलं फार जुनं क्रियापद असावं. ते बहुतेक नकारातच भेटतं. मला करमतंय, असं आपण होऊन कुणी म्हणत नाही. विचारलं तरच म्हणतात. करमत नाही, हे मात्र सगळेच म्हणतात. नव्या नवरीला सासरी करमत नाही. होस्टेलच्या पोराला करमत नाही. बदली झालेल्या मास्तरणीला पहिले सहा महिने करमत नाही, हे मी स्वतः भोगलंय. विकलेल्या म्हशीलासुद्धा नव्या दावणीला करमत नाही, ती दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही. आणि ह्या सगळ्यावर आपल्याकडं एकच औषध, आपल्या माणसांत नेऊन सोडा. शब्दातच जागा दडलेली असते. करमत नाही म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात 'इथं' जोडून घेतो. मीही जोडलं.

"आईची आठवण यायली व्हय?" मी विचारलं.

ती म्हणाली, "न्हाय. तसं न्हाय. नुसतं करमंना."

"येतीय आता येळवस, जाऊ की ईटला," मी म्हटलं आणि पीठ मळायला घेतलं. माझ्या भाषेत तिच्या दुखण्याचं उत्तर तयार होतं, त्यामुळं पुढं विचारायची मला गरजच पडली नाही. ती आठवड्यातून दोन-तीनदा तरी तेच म्हणायची. कधी दप्तर ठेवताना, कधी वेणी घालून घेताना. पुढं पुढं वेणी घालून घ्यायलाही येईना. दुपारी कॉलेजातून आली की कूस वळवून पडून राहायची. मी म्हणायचे, मोबाइलनं वाटोळं केलं ह्या पोरींचं. मी तिचा मोबाइल काढून घेतला आणि कपाटात ठेवला. तेवढ्यानं तिच्या मैत्रिणींचं घरी येणंही बंद झालं, कारण आता निरोपानिरोपी व्हायची कशी? हे मला आज सुचतंय.

आणखी एक आठवतं. जीवशास्त्राचं पुस्तक तिच्या मांडीवर उघडं असायचं. झाडाच्या पानाच्या आडव्या छेदाची मोठी आकृती होती, हिरव्या रंगात. सोमवारी तेच पान. गुरुवारी तेच पान. मी ते बघितलं होतं, अगदी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि दत्ताला फोनवर सांगितलं होतं, "पाठांतर पक्कं करतीय, एकेक पान चार चार दिवस सोडत नाही."

आमच्याकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, कुणी घरात थांबत नाही. सगळी रानात. आमच्या रानात ज्वारीच्या ताटांची कोप केलेली, तिच्यात पाच दगड मांडून पूजा, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. अंकिताला घेऊन मी आदल्या दिवशीच ईटला गेले होते. घरची माणसं शेजारपाजारच्यांना, वाटसरूंना, सगळ्यांना बोलावून बोलावून जेवू घालत होती. हरभरा नुकता घाट्यावर आलेला, ऊन कोवळं, आणि दत्ता मडक्यातली आंबील ओतून ओतून सगळ्यांना "आणखी घ्या" करत होता. ह्याच्याहून जास्त आपली माणसं कुठून आणायची? आणि त्या गलक्यात अंकिता कोपीच्या सावलीला गुडघे जवळ घेऊन बसली होती. तिच्या आईनं, सुनंदानं, भज्जीचं ताट पुढं केलं तर ती म्हणाली, "आई, मला हितंबी करमंना."

सुनंदा खळखळून हसली. "आता सासरीच करमंल बाई तुला!"

सगळे हसले. बायका तर डोळ्यांना पदर लावून हसल्या. मीही हसले. चांगली मोकळी हसले. अंकितानं आमच्याकडं बघितलं, मग ताटाकडं बघितलं, आणि भज्जी खायला लागली. ते हसणं मला अजून ऐकू येतं. स्वतःच्या घरी, स्वतःच्या आईबापात, स्वतःच्या रानात ज्या लेकराला करमत नाही, त्याला नेऊन सोडायला जागाच उरलेली नसते. त्या एका वाक्यात तिनं आम्हाला सगळं सांगितलं होतं. आम्हाला तो विनोद वाटला.

त्या दिवसानंतर तिनं तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. येरमाळ्याला परत आली ती शांत. सांगितलं काम करायची, विचारलं तर "व्हय" म्हणायची. मी सुटकेचा निःश्वास सोडला. कुणी विचारलं तर सांगायचे, "रुळली एकदाची." रुळली! केवढा समाधानाचा शब्द.

संक्रांतीच्या आधी तिला बांगड्या भरायला घेऊन गेले. थांब्याच्या कोपऱ्यावर हमीदाभाभींचं बांगड्यांचं दुकान आहे. त्यांच्या सासूपासून चालत आलेलं, अर्ध्या गावाची मनगटं त्यांना पाठ. त्यांनी अंकिताचा हात हातात घेतला, बोटं जवळ केली आणि थांबल्या. मग तो हात तसाच उलटासुलटा करून बघितला.

"मॅडम, दिवाळीला म्या हिला अडीचच्या मापाच्या घातल्या हुत्या. दाबून दाबून घातल्या हुत्या. आज सव्वादोनची बी ढिली हुईल."

"बारावी आहे ना भाभी, टेन्शन असतं."

"माझ्या दोन पोरी बारावी झाल्या, मॅडम. हात असा उतरत न्हाय. बच्चीला कुणाला तरी दाखवा."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? शिकलेली बाई मी, गावात मान, आणि बांगड्यांच्या दुकानात बसलेली बाई माझ्या भाचीबद्दल मला सांगते! तरी घराजवळच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी विचारलं, कुठं दुखतंय? ती म्हणाली, कुठंच नाही. मग रक्त कमी असेल म्हणून लालसर औषधाची बाटली दिली. ती बाटली मी रोज दोन चमचे मोजून देत होते आणि माझं कर्तव्य झालं असं समजत होते.

मग हळदीकुंकू. मी प्लास्टिकचे झाकणाचे डबे वाण म्हणून आणले होते. बायका येत होत्या, तिळगूळ, ओटी, हसणं. तेवढ्यात अंकिता आतून तिची पिशवी घेऊन आली आणि माझ्या डब्यांबरोबर आपलंही एकेक देऊ लागली. केसांच्या पिना. रंगीत पेनांचा संच, जो ती कुणाला हात लावू द्यायची नाही. निळी ओढणी. बायकांना काय कौतुक! "आत्ताच वाण लुटायला लागली गं ही तर!" शेवटी शेजारच्या सातवीतल्या पोरीच्या हातात तिनं आपलं मनगटी घड्याळ बांधलं. दहावीच्या निकालाला बापानं घेतलेलं.

"अगं, पेपरला लागंल की घड्याळ," मी म्हटलं.

"मला न्हाय लागायचं," ती म्हणाली.

परीक्षेच्या हॉलमध्ये भिंतीवर घड्याळ असतं, असा मी त्याचा अर्थ लावला. आणि दत्ताला अभिमानानं फोन केला की पोरीचं मन केवढं मोठं झालंय.

मी हे सगळं आज लिहिते आहे ते कबुली म्हणून लिहिते आहे असं समजा. एकेक गोष्ट सुटी सुटी माझ्यासमोर आली होती आणि प्रत्येकीला माझ्याकडं नाव होतं. करमत नाही, त्याला आठवण. पडून राहते, त्याला मोबाइल. एकच पान, त्याला पाठांतर. हात उतरला, त्याला टेन्शन. गप्प झाली, त्याला रुळली. वाटून टाकलं, त्याला वाण. सगळी नावं आपल्या घरातली, रोजच्या वापरातली. त्यामुळं भीती वाटायला जागाच राहिली नाही.

पहिल्या पेपरच्या दिवशी मी तिला दहीसाखर दिली आणि थांब्यापर्यंत सोडून शाळेत गेले. साडेदोनला शाळेच्या फाटकात हमीदाभाभी उभ्या. डोक्यावरचा पदर घसरलेला, पायात चपला नाहीत. दुकान टाकून भर उन्हात बाई अशी आलेली बघून मी तशीच फाटकाकडं धावले.

"मॅडम, फोन किती केले! चला. पोरगी माझ्या दुकानात हाय. माझ्या लेकीनं हात धरलाय, सोडू नको म्हणून सांगून आले."

माझा फोन शाळेत पिशवीत बंद असतो. वाटेत त्यांनी जे सांगितलं ते असं. पोरगी थांब्यावर बसलेली. कळंबची एक गाडी गेली, दुसरी गेली, बाकीच्या पोरी गेल्या, तरी ही बसूनच. भाभी उठून गेल्या. "म्या विचारलं, कुठं जायचंय बेटा? म्हणली, कुठंच न्हाय. मॅडम, तिचं त्वांडच मला बरं दिसंना. म्हणलं चल, दुकानात ये, बांगड्या बघू. बसवलं. हात घेतला. एक बांगडी घातली. काढली. दुसरी घातली. ती काढली. लाल, हिरवी, जी हाताला येईल ती. पोरगी काय बोलंना, मी बी काय बोलंना. गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणलं उद्या या. माझी लेक येईस्तोवर म्या हात सोडला न्हाय. सोडला असता तर ती कुठं गेली असती, मला ठाव न्हाय."

सकाळी नवापासून दोनपर्यंत. पाच तास एका बाईनं माझ्या भाचीचा हात बांगड्यांच्या निमित्तानं धरून ठेवला होता. मी पोहोचले तेव्हा अंकिता गादीवर बसली होती आणि भाभींची लेक तिच्या हातात हिरवी बांगडी चढवत होती. पारदर्शक पाकीट मांडीवर. हॉलतिकिटावरच्या फोटोत ती हसत होती.

"आत्या, बस येती, मी उठती, पण पाय उचलत न्हाईत," ती म्हणाली. मग म्हणाली, "रागवू नका." मी तिला पोटाशी धरून तिथंच, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर रडले.

धाराशिवला मनाच्या आजारांच्या डॉक्टरबाई होत्या, त्यांच्याकडं गेलो. दत्ता आणि सुनंदा ईटहून आले होते. बाईंनी आधी अंकिताला एकटीला आत घेतलं, पुष्कळ वेळ. मग आम्हाला. विचारलं, कधीपासून?

"दिवाळीपासून म्हणायची, करमत नाही म्हणून," मी म्हटलं.

"आणि अलीकडं?"

"अलीकडं नाही म्हणत. येळवशीपासून एकदाही नाही."

बाईंनी लिहिणं थांबवून माझ्याकडं बघितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "म्हणजे तोवर ती सांगत होती," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. हा आजार आहे, कुणाची चूक नाही, बरा होतो, पण गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील, मध्येच आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. काही दिवस एकटं सोडायचं नाही. आणि शंका आली तर सरळ विचारायचं, मरावंसं वाटतं का म्हणून. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सुनंदानं कानावर हात ठेवले होते. दत्ता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

बसमधून परत येताना सुनंदा माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "आक्का, गोळ्यांचं कुणाला सांगू नका. पोरीची जात हाय."

चैत्रात येरमाळ्याच्या येडाई देवीच्या यात्रेला सुनंदा, ईटला नेलेल्या अंकिताला घेऊन आली. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते, तेव्हा रानात चुनखडीचे पाच खडे वेचून ढिगावर टाकायची रीत आहे. लाखो माणसं वाकून खडे वेचत असतात. अंकितानं पाच वेचले. मीही पाच वेचले. काय मागितलं ते सांगायला नको. गोळ्या आणि देवी दोन्ही चालू होत्या तोवर माझी काही तक्रार नव्हती. पोरीच्या अंगावर पुन्हा मांस चढू लागलं होतं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिनं मला फोनवर "काय म्हणती मी" करून दाखवलं, आणि मी शाळेच्या व्हरांड्यात एकटीच हसत उभी राहिले. पुढच्या फेब्रुवारीत तिनं ईटहूनच सगळे पेपर दिले. पास झाली.

आणि मग गोळ्या बंद झाल्या. मला दिवाळीत कळलं. "आता बरी झालीय की," सुनंदा म्हणाली, "बऱ्या माणसाला कशाला गोळ्या?" मी भांडले. दत्ताशी भांडले, आवाज चढवून भांडले. तो खाली मान घालून म्हणाला, "आक्का, तुमचं समदं खरं हाय. पण स्थळं यायलीत. कुणी म्हणलं, हिला डोक्याच्या गोळ्या हायत, तर कोण दारात उभं राहील?" सुनंदा मात्र रडली. "तुमी दोन दिवसानं येरमाळ्याला जाता, आक्का. मला तिच्या जल्माचं बघायचंय." तिच्या रडण्यात खोट नव्हती, म्हणूनच मी आवाज खाली घेतला. मी आत्या. आत्या पहिल्या खेपेला वाट चुकली होती आणि आता वाट माहीत झाली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं.

काल मधल्या सुट्टीत मी अंकिताला फोन केला. बाहेर चिंचा झोडणं चाललं होतं.

"काय करतीस?"

"काय न्हाय. बसले."

"जेवलीस?"

"व्हय."

मी धीर करून विचारलं, "करमतंय का गं?"

"करमतंय की, आत्या," ती म्हणाली.

तो 'की' माझ्या कानात अडकला. आवाज अगदी सरळ, इस्त्री केल्यासारखा. फोन ठेवल्यावर मी मनातल्या मनात तिला विनवत राहिले, बाई, एकदा म्हण. एकदा करमंना म्हण, मी ह्या खेपेला हसणार नाही. शाळा सुटली तशी मी मुख्याध्यापकांना सांगून निघाले. थांब्यावर हमीदाभाभी दुकानातूनच म्हणाल्या, "ईटला?" मी मान हलवली. त्यांनी दोन पुडे बांधून माझ्या पिशवीत ठेवले. "एक अडीचचा, एक सव्वादोनचा. हात बघा, मॅडम."

तेरखेड्याच्या फटाक्यांच्या शेडा मागं पडल्या, वाशी गेलं. खिडकीतून काढलेल्या ज्वारीची रानं दिसत होती, कणसं खुडणाऱ्या बाया, पेंढ्या. गाडीत दोन पोरी बारावीचा पेपर मांडीवर घेऊन उत्तरं जुळवत होत्या आणि चुकलं की एकमेकींना चिमटे काढत होत्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले.

मला बघून सुनंदा चपापली. "आक्का, फोन तरी करायचा." घर सारवून-पुसून लख्ख. रविवारी परांड्याकडचे पाहुणे बघायला येणार होते. अंकिता ओसरीवर गहू निवडत बसली होती. सुपातले गहू तसेच होते, ती बोटं फिरवत होती फक्त. मी तिच्यासमोर बसले, सूप बाजूला केलं आणि म्हटलं, "हात आण. भाभींनी बांगड्या दिल्यात."

अडीचची हात न दाबता गेली आणि मनगटावर न थांबता कोपरापर्यंत गेली. सव्वादोनचीही तशीच. मी तिच्या मनगटाला माझ्या बोटांनी वेढा घातला. बोटं पुरून वर पेरभर उरली. दोन वर्षांपूर्वी ह्या हाताकडं बघून मी टेन्शन म्हटलं होतं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसं मी सरळ विचारलं. हळू आवाजात, पण पूर्ण वाक्य. अंकितानं आधी आतल्या दाराकडं बघितलं. मग मान हलवली. हो म्हणून.

"आत्या," ती म्हणाली, "मला करमंना."

त्या क्षणी मला भीतीच्या आधी आनंद झाला, हे लिहायला लाज वाटत नाही. तिनं पुन्हा सांगितलं होतं. मी त्याला कुठलंच नाव दिलं नाही. आठवण नाही, मोबाइल नाही, काही नाही. हात धरून ठेवला.

दारात सुनंदा उभी होती. तिनं ऐकलं होतं. दत्ताही रानातून आला, पाय न धुता अंगणातच थांबला.

"उद्या शुक्रवार आहे," मी म्हटलं. "डॉक्टरबाई उद्या बसतात. पहिल्या गाडीनं मी हिला घेऊन धाराशिवला जाणार आहे."

"रविवार तरी हुं द्या, आक्का," सुनंदा म्हणाली. "दोन दिवसांचा तर प्रश्न हाय. पाहुणे येऊन गेले की कुठं न्यायचं तिथं न्या."

मी दत्ताकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. येरमाळ्याची शेवटची गाडी गेली होती. अंकिताचा हात माझ्या मांडीवर होता, हलका. मी सव्वादोनची बांगडी काढली. हिरवी घातली. काढली. लाल घातली. सुनंदा म्हणाली, "आक्का, आता पुरे की, हात सोडा तिचा." मी पुढची बांगडी उचलली.